जिभेचं देणं

संक्रांतीच्या सकाळी हरीओमची गाडी अंगणात येऊन उभी राहिली, तेव्हा वर्षाराणीला कळलं की सासू, आत्याबाई, आता शब्द फिरवणार नाहीत. वावराच्या वाटण्या झाल्यापासून हा धाकटा दीर इंझोरीला आला तरी चहापुरता टेकायचा आणि मालेगावच्या दुकानाचं निमित्त काढून निघून जायचा. आज तो बायकोला, हेमलाला, जरीच्या पातळात घेऊन आला होता आणि गाडीतून मुक्कामाची पिशवी उतरवत होता. माणसं लग्नाला येतात तशी ही दोघं आली होती, आणि एका परीने ते खरंही होतं, कारण आज या घराचं सगळ्यात जुनं देणं एका बाईकडून दुसरीकडे जायचं होतं.

ते देणं म्हणजे ना शेत, ना सोनं. इंझोरीत कुणाच्याही डोळ्यात कुसळ गेलं, भुशाचं कुटार गेलं, खडा गेला, की माणूस डोळ्यावर हात धरून आत्याबाईंचं, म्हणजे तुळसाबाईंचं, दार गाठायचा. तुळसाबाई चूळ भरायच्या, त्याची पापणी दोन बोटांनी उलटायच्या आणि जिभेच्या टोकाने आतला कचरा टिपून बाहेर काढायच्या. हे त्यांना त्यांच्या सासूने दिलेलं. सासूने थोरल्या सुनेला द्यायचं आणि संक्रांतीलाच द्यायचं. द्यायची रीतही ठरलेली होती. सासू आपल्याच डोळ्यात एक तीळ टाकायची आणि सुनेने तो जिभेने काढायचा. तीळ निघाला की देणं गेलं. नियम दोनच होते. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, आणि त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, अगदी चिमूटभर साखरसुद्धा.

या तिळाची वाट वर्षाराणी तिची लेक तनुजा पोटात होती तेव्हापासून पाहत होती. ती मालेगावच्या बाजारात मेथीच्या जुड्या विकणाऱ्या बापाची लेक. मोठ्या वावरवाल्यांच्या या घरात ती आली तेव्हा तिला कुणी छळलं नाही की उपाशी ठेवलं नाही, फक्त कुणी काही विचारलं नाही. बैल कोणता घ्यायचा, पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, सगळं तिच्या डोक्यावरून ठरायचं. एकदा हे देणं आपल्याकडे आलं की अख्खं गाव आपल्या नावाने हाक मारत येईल, हे तिने मनाशी धरलं होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं तिला आजही वाटत नव्हतं.

अडचण एवढीच होती की गव्हाच्या कोठीमागे तिने एक पिशवी लपवून ठेवली होती.

तनुजा वाशीमला ज्या दवाखान्यात नोकरी करत होती तो एका ट्रस्टचा, डोळ्यांचा, फुकट इलाज करणारा. त्यांनी अलीकडे गावोगावच्या बायकांना शिकवायला सुरुवात केली होती. वावरात डोळा खरचटला आणि त्याच दिवशी मलम पडलं तर डोळा शाबूत राहतो. दोन-चार दिवस घरगुती उपायांत गेले की बुबुळ सडायला लागतं, आणि मग मोठा डॉक्टरही हात टेकतो. पोरीने घरी हे सांगितलं तेव्हा वर्षाराणीला रागच आला होता. ही चार बुकं शिकली आणि आजीच्या विद्येला नावं ठेवायला लागली! पोरीला खोटं पाडायचं म्हणून दिवाळीनंतर ती माहेरी जाते असं सांगून निघाली, वाशीमला उतरली आणि त्या बायकांच्या रांगेत जाऊन बसली. परत आली ती ही पिशवी घेऊन. त्यात मलमाच्या ट्यूबा, कापसाच्या काड्या, पिवळ्या कागदी पट्ट्या आणि एक निळ्या उजेडाची बॅटरी होती.

तेव्हापासून तिने मनात एक बेत रचला होता. तीळ काढायचा, देणं घ्यायचं, आणि मग आलेल्या माणसाला आतल्या खोलीत नेऊन मलम लावायचं. गावाला वाटू दे जीभच आहे. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. बेत चांगला होता. तो तनुजा बसमधून उतरेपर्यंत टिकला.

तनुजा पायही न धुता थेट चुलीपाशी आली.

"आई, बाबूलालकाका आमच्या दवाखान्यात हाये."

"कोणता बाबूलाल? आपला, शेजारचा?" वर्षाराणी तिळाची पोळी लाटत होती. "तो तर पुसदले गेला ना पोरीकडे. जमना सांगत होती."

"पुसदले नाई. वाशीमलेच हाये. मी आत्ता त्याच्या डोळ्यात औषध टाकूनच निंघाली. बुबुळावर पांढरं फूल पडलं हाये. डॉक्टर म्हंते, डोळा राहीन, पण नजर किती राहीन त्याचा भरवसा नाई."

लाटणं थांबलं. बाबूलालची तूर गेल्या आठवड्यात निघाली होती. तो डोळा चोळत आला तेव्हा आत्याबाईंच्या हातात चूळ भरायचा तांब्या वर्षाराणीनेच दिला होता.

"साफ निंघालं होतं वं त्याचं कुटार," ती म्हणाली. "मी सोता पाह्यलं."

"निंघालंच असंन. पण डोळ्याले चिरा पडला होता, अन् त्या चिऱ्यावर तोंडातली घाण बसली. तुले शिकवलं नाई का हे?"

"त्यानं डॉक्टरले काय सांगितलं?"

"काईच नाई. कोणाकडे गेलो नाई म्हंते, आपणच चोळलं म्हंते. मी ओळखीची हाये तरी माह्याकडे पाहून नाई म्हनला." तनुजाने आवाज खाली घेतला. "आई, तू आज तो तीळ काढू नोको."

"आजच्या दिवस गप राह्य. एकदा देणं माह्याकडे आलं का मी माह्या हिशोबानं करीन. कोणाले काय समजते?"

"अन् तू वावरात असली का? लोक आजीकडेच जातीन. आजी परत पाठवन का त्याइले? तिचा तर नेमच हाये."

वर्षाराणीने पोरीच्या हातात तिळगुळाचं ताट दिलं आणि तिला ओसरीवर पिटाळलं. उत्तर नसलं की आया हेच करतात.

ओसरीवर तुळसाबाई न्हाऊनमाखून सतरंजीवर बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून त्यांची नजर दुधाळ झाली होती. समोर माणूस आहे एवढं कळायचं, कोण आहे ते आवाजावरून. तनुजाने किती वेळा ऑपरेशनचा विषय काढला, पण म्हातारीचं उत्तर ठरलेलं: "माह्या कामाले जीभ लागते, डोळे नाई." आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुसळ कुठे रुतलंय ते त्यांना जिभेलाच कळायचं.

हरीओम खांबाला टेकून बसला होता. पंचायत समितीला उभं राहायचं त्याच्या मनात दोन वर्षांपासून होतं, त्यामुळे तो आता घरातही सभेत बोलावं तसं बोलायचा. "या तालुक्यात असं घर दाखवा मले," तो म्हणत होता, "का ज्या घरानं लोकाइचे डोळे वाचवले अन् चहासुद्दा घेतला नाई. मायचं नाव घेतलं का लोक उठून उभे राह्यते."

"ताईले जमंन ना पण?" हेमलाने लाडू मोडता मोडता विचारलं. "तिले किळस येत असंन. नाई म्हनजे, नसंन जमत तर मी हाये आत्याबाई."

"थोरलीचंच असते ते," तुळसाबाई म्हणाल्या. "तुहं मन दिसते मले, हेमला, पण रीत हाये ती. वर्षाराणी! ये वं. अन् जगदेव कुठी हाये?"

जगदेव, म्हणजे वर्षाराणीचा नवरा, वावरात होता. थ्रेशरवाल्याने नेमका संक्रांतीचाच दिवस दिला होता, आणि तुरीचा थ्रेशर हातचा सोडून कुणी सण करत नाही. त्याची वाट न पाहता सुरुवात करायची ठरलं. तुळसाबाईंनी तळहातावर पांढरा तीळ घेतला. वर्षाराणी त्यांच्यासमोर बसली. मागे उभ्या पोरीची नजर तिच्या पाठीला जाणवत होती.

तेवढ्यात फाटकाला मोटरसायकल घासल्याचा आवाज झाला. जगदेव एका हाताने गाडी आणि दुसऱ्या हाताने डोळा धरून आत आला. अंगभर तुरीचा भुसा. एवढा दांडगा गडी, पण एका डोळ्याने ढसाढसा रडत होता.

"माय, काढ लवकर. थ्रेशरनं फेकलं तोंडावर. आत रुतलं हाये."

हरीओमने मांडीवर थाप मारली. "पाहा योग! तीळ राह्यला बाजूले, खरं कुटारच चालून आलं. वहिनी, पह्यला डोळा घरच्या धन्याचा!"

सगळे हसले. जगदेव तेवढा कण्हला. तुळसाबाईंनी तीळ खाली टाकला. "मंग तिळाचं काम नाई. यालेच देणं समजू. वर्षाराणी, चूळ भर."

वर्षाराणी उठून आत गेली. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिच्या मनात आलं की करून टाकावं. आत्ता जीभ लावावी, देणं घ्यावं आणि रात्री गुपचूप मलम घालावं. कोण बघतंय? मग तिला बाबूलालचं पांढरं बुबुळ दिसलं, न पाहिलेलं, आणि ते नवऱ्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने चूळ भरली नाही. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, कोठीमागची पिशवी काढली आणि बाहेर आली.

"हे काय?" हरीओम म्हणाला.

"डोळ्याचं सामान हाये. ट्रस्टच्या दवाखान्यातलं. मी शिकून आली."

"कवा शिकली तू?" हे जगदेवने विचारलं, मिटल्या डोळ्यानेच.

"दिवाळीनंतर. माहेरी गेली नव्हती मी, वाशीमले गेली होती."

मग हेमलाच म्हणाली, "अव माय! सासूच्या कामातलं कुसळ बरं दिसलं ताईले, आपलं मुसळ नाई दिसलं."

"मले खोटं सांगून गेली?" जगदेवचा आवाज चढला.

"हो, गेली. तुमाले विचारलं असतं तर तुमी आत्याबाईले विचारलं असतं, अन् त्या नाई म्हनल्या असत्या. बसा खाली. डोळ्याले हात नोका लावू."

"मले ते दवाखान्याचं नाई पाह्यजे. जीभ लावतं का नाई?"

"नाई."

हा शब्द वर्षाराणीने त्या घरात याआधी कधी उच्चारला नव्हता. तो इतक्या सहज निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं.

तुळसाबाईंचा चेहरा दगडासारखा झाला होता. त्या आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. "ठीक हाये," त्या म्हणाल्या. "जिले देणं नोको, तिच्या गळ्यात मी मारत नाई. हेमला, तू ये. चूळ भर."

हेमला लगबगीने पुढे आली. तांब्या उचलला. हरीओमच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. देणं आता त्याच्या घरात, मालेगावात येणार होतं. आणि वर्षाराणीला कळून चुकलं की आपण आता गप्प राहिलो तर नवऱ्याचा डोळा, आपला मान आणि पोरीचा विश्वास, तिन्ही एकदम जाणार.

"आत्याबाई, बाबूलाल पुसदले नाई," ती म्हणाली. "तो वाशीमले दवाखान्यात पडला हाये. तुमी ज्या डोळ्यातलं कुटार काढलं, तो डोळा पांढरा पडला."

"कोण म्हंते?"

"मी पाह्यलं आजी," तनुजा म्हणाली. "रोज पाह्यतो मी त्याले."

"साफ निंघालं होतं त्याचं."

"निंघालं होतं. कचरा निंघाला, जखम राह्यली. तिच्यात तोंडातले जंतू गेले. तुहं तोंड खराब हाये असं नाई, आजी. सगळ्याइच्याच तोंडात असते ते. डॉक्टरनं जीभ लावली तरी हेच होईन."

हेमलाने तांब्या हळूच खाली ठेवला. "मले नाई जमत बाप्पा," ती म्हणाली आणि उठली.

"हेमला!" हरीओम डाफरला.

"तुमीच काढा मंग. तुमच्या मायचं देणं हाये, माह्या मायचं नाई." आणि जरीचं पातळ सावरत ती सरळ वर्षाराणीच्या मागे जाऊन उभी राहिली. दोन जावा एका बाजूला उभ्या राहिलेल्या त्या घराने पहिल्यांदाच पाहिल्या.

"बाबूलालनं मले काहून नाई सांगितलं?" तुळसाबाईंनी विचारलं.

त्यांनी चेहरा तनुजाच्या दिशेने वळवला.

"मी त्याच्या दारावरून रोज देवळात जातो. जमना मले रामराम करते. काहून नाई सांगितलं?"

"त्यानं डॉक्टरलेबी तुहं नाव नाई सांगितलं आजी," तनुजा म्हणाली. "आपणच चोळला म्हंते."

जगदेवला मात्र आता धीर निघत नव्हता. "तुमचं चालू द्या तिकडं! जळून राह्यलं इथं! माय, बाबूलालचं वेगळं असंन. लहानपणापासून माह्या डोळ्यातलं तूच काढलं ना? मले काई झालं? तू काढ."

"ये," तुळसाबाई म्हणाल्या.

त्याने सतरंजीवर आडवं होऊन आईच्या मांडीवर डोकं टेकलं, लहानपणी टेकत असेल तसं. तुळसाबाईंनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि वाकल्या. वर्षाराणीला वाटलं, संपलं. इतकं बोलून, इतकं उघडं पडून शेवटी जीभच लागणार. तिला म्हातारीचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि डोळ्यात पाणी आलं.

तुळसाबाई वाकल्या तशाच थांबल्या. पोराच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन त्या नुसत्या त्याचा श्वास ऐकत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही तळवे त्याच्या कानशिलांवर घट्ट आवळले.

"वर्षाराणी, टाक काय टाकाचं ते," त्या म्हणाल्या. "मी याले हालू देत नाई."

"माय! सोड!"

"गप पड. पन्नाशी आली तरी डोळ्याले हात लावू देत नाई."

वर्षाराणीने आधी स्वच्छ पाण्याची धार सोडली. जगदेवने पाय झाडले, पण डोकं जागचं हललं नाही. त्या हातांना डोकं धरायची सवय होती. तनुजा जवळ बसली, पण तिने हात पुढे केला नाही. हेमलाने न सांगता काडीचं पाकीट फाडून दिलं. वर्षाराणीने वरची पापणी काडीवर उलटली, आणि तिथे तुरीचं एक पिवळसर कुटार आडवं चिकटलेलं दिसलं. ओल्या कापसाने तिने ते अलगद टिपलं. मग पिवळी पट्टी ओली करून तिचा रंग डोळ्याच्या कडेला सोडला, आणि निळी बॅटरी पेटवली.

"काय दिसते?" तुळसाबाईंनी विचारलं. त्यांना निळा उजेडही नीट दिसत नव्हता.

"बुबुळावर हिरवी रेघ दिसते, आत्याबाई. नखानं ओरखडल्यासारखी. जिथं चिरा पडला तिथंच हिरवं चमकते."

"हरीओम, तुलेबी दिसते?"

हरीओम केव्हाच खांब सोडून वाकून बघत होता. "दिसते माय," तो म्हणाला. सभेचा आवाज गेला होता. "साफ दिसते."

"म्हनजे मी कचरा काढत होती, तवा खाली ही रेघ राहत होती."

"हो," वर्षाराणी म्हणाली.

"अन् मी तिच्यावर थुंका लावत होती."

नाही म्हणावं, काहीतरी मऊ बोलावं, असं वर्षाराणीला फार वाटलं. "हो, आत्याबाई," ती म्हणाली. "सगळ्याइचं बिघडत नाई. पण ज्याचं बिघडते, त्याचं बिघडते." तिने मलमाची बारीक रेघ खालच्या पापणीत सोडली आणि डोळा मिटायला सांगितला. "तीन दिवस लावाचं, दिवसातून तीन खेप. उद्या परत उजेड टाकून पाहू. कमी नाई दिसलं तर वाशीम. तवर वावर बंद."

"अन् थ्रेशर?" जगदेव म्हणाला.

"थ्रेशर भाऊजी पाह्यतीन. चष्मा लावून."

हरीओमने चक्क मान डोलावली. जगदेव उठून बसला, डोळा मिचकावला, आणि काही वेळाने, इकडेतिकडे पाहत, कबूल केलं की टोचणं थांबलंय. माहेरचं खोटं सांगितल्याबद्दल त्याला आणखी रागवायचं होतं, पण बायकोच्या हातातून डोळा नुकताच परत मिळाला असताना ते नीट जुळून येईना.

तुळसाबाई जेवल्या नाहीत. आपल्या खोलीत जाऊन पडल्या. त्यांच्यापाशी जायची हिंमत वर्षाराणीला झाली नाही. खरं बोलल्याचा तिला पस्तावा नव्हता, पण ज्या बाईकडून मान घ्यायचा, तिचाच मान आपण भर ओसरीवर उतरवला, हे तिला घासागणिक लागत होतं.

दुपारी हळदीकुंकवाला बायका यायला लागल्या. अंगण भरलं. वर्षाराणी कुंकू लावत होती, हेमला तिळगूळ देत होती. सासरे गेल्यापासून तुळसाबाई हळदीकुंकवाच्या वेळी कधी बाहेर येत नसत. आतल्या खोलीत बसून बांगड्यांचे आवाज ऐकायच्या. म्हणून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा सगळ्या बायका वळून कुजबुजायला लागल्या. हात चौकटीवर ठेवून त्यांनी आवाजांच्या दिशेने तोंड केलं.

"जमना आली का?"

"आली ना मामी," जमनाबाई म्हणाली. बाबूलालची बायको. तिने आत्ताच वर्षाराणीकडून कुंकू लावून घेतलं होतं, आणि तिच्या नजरेला नजर दिली नव्हती.

"बाबूलाल कुठी हाये?"

"पुसदले. पोरीकडे गेले ते..."

"माह्या दारात माह्यासाठी खोटं नोको बोलू."

जमनाबाईने पदर तोंडात धरला. मग ती रडायलाच लागली. "त्याइनं शपथ घातली होती मामी. म्हनले, त्या बाईनं माह्या लेकराइच्या डोळ्यातलं काढलं, माह्या बापाच्या डोळ्यातलं काढलं, कवा काही घेतलं नाई. माहा डोळा गेला तरी चालन, पण तिचं नाव कोणाले सांगू नोको."

"माहं नाव त्याच्या डोळ्याहून मोठं हाये का वं?"

जमनाबाईने पदराने डोळे पुसले.

"आयका वं सगळ्या जणी." तुळसाबाई चौकट सोडून एक पायरी खाली उतरल्या. आवाज जराही कापत नव्हता. "माह्या जिभेनं बाबूलालचा डोळा खराब झाला. घरी जाऊन हेच सांगजा. जसंच्या तसं सांगजा, झाकून नोका सांगू."

"माय!" हरीओम ओसरीवरून पुढे आला. "हे गावभर कायले सांगाचं? घरातल्या घरात बंद करू ना आपण."

"कसं बंद करतं? माहा नेम तुले माहीत नाई? दारात आलेल्याले मी परत पाठवत नाई. उद्या कोणी डोळा धरून आला, माय म्हनला, तर माह्याच्यानं नाई म्हनणं होणार नाई. आज पोटच्या पोराले नाई म्हनता म्हनता जीव निंघाला माहा. म्हनून लोकानं यावंच नाई. माहं नाव चांगलं राह्यलं तर ते येतीनच. तुह्या निवडणुकीचं तुह्यापाशी." मग त्या पुन्हा बायकांकडे वळल्या. "कोणाच्या डोळ्यात काही गेलं तर वर्षाराणीकडे या. तिच्याजवळ औषध हाये. तीबी काही घेत नाई अन् तीबी परत पाठवत नाई. नेम तोच हाये. जीभ तेवढी बंद."

वर्षाराणीच्या हातात कुंकवाचा करंडा तसाच राहिला होता. इतकी वर्षं जे हवं होतं ते तिला अख्ख्या गावाच्या बायकांसमोर मिळालं होतं, आणि ते देण्यासाठी त्या बाईने आपल्याजवळचं सगळं टाकून दिलं होतं. तिला रडू आवरेना, आणि तिने ते आवरलंही नाही.

तुळसाबाईंनी चाचपडत जमनाबाईचा दंड धरला. "चाल. मले त्याच्याकडे ने. डॉक्टरलेबी मीच सांगन. हरीओम, गाडी काढ."

हरीओम क्षणभर उभा राहिला आणि मग किल्ली घ्यायला वळला. तनुजाने आजीची चप्पल पुढे सरकवली.

वर्षाराणीने करंडा हेमलाच्या हातात दिला. "थांबा आत्याबाई, मीबी येतो."

"तू कायले?" म्हातारी मागे न वळता म्हणाली. "तुरीचे दिवस हायेत, कोणी डोळा धरून येईन. तू घर सोडू नोको."